एकोणीस नंबरची पाठराखीण

सर कोणालाच नावाने हाक मारत नसत. माणूस ज्या गावाहून आला, ते गाव म्हणजेच तो माणूस. आमच्या लॅबमध्ये एक सोलापूर होतं, एक चिपळूण होतं, दारावरचे वॉचमन जालना होते आणि मी यवतमाळ. पण अहो-जाहो कधी सुटायचं नाही. "अहो यवतमाळ, जरा इकडे येता का?" अशी हाक आली की नव्या माणसाला वाटायचं, आता अख्खा जिल्हाच उठून येणार. स्वतः सर सदाशिव पेठेतले. तुम्हाला काय म्हणायचं, असं सोलापूरने एकदा विचारलं, तर म्हणाले, "काही म्हणू नका. पेठेतल्या माणसाला लोक आधीच भरपूर म्हणतात."

त्यांच्या अशा गमती मी आजवर पुष्कळांना सांगितल्या. माझ्या तोंडून त्या रंगतातही. फक्त प्रत्येक वेळी मी त्यातली एक गोष्ट गाळते. या वेळी ती गाळायची नाही, असं ठरवून बसले आहे.

आमची लॅब कात्रजला. रक्तातलं औषध मोजणं हे आमचं काम. दुसऱ्याची किडनी बसवलेल्या माणसाला जन्मभर एक औषध घ्यावं लागतं, शरीराने ती परकी किडनी झिडकारू नये म्हणून. औषध कमी पडलं तर किडनी जाते आणि जास्त झालं तर ते औषधच किडनीच्या मुळावर येतं. म्हणून या लोकांचं रक्त दर थोड्या दिवसांनी आमच्याकडे यायचं आणि आमचा आकडा बघून डॉक्टर गोळी कमी-जास्त करायचे. आकडा चुकला तर पुढे काय होतं हे सर पहिल्याच दिवशी सांगत, आणि मग त्याबद्दल पुन्हा कधी बोलत नसत.

त्या पहिल्या दिवशी त्यांनी मला फ्रीझरमधून बोटभर उंचीची एक बाटली काढून दाखवली. आत काही आहे असं वाटतच नव्हतं.

"हे तेच औषध आहे," सर म्हणाले. "फक्त यातले काही कार्बनचे अणू नेहमीपेक्षा किंचित जड आहेत. बाकी तसूभर फरक नाही."

जड अणू म्हटल्यावर मी हात मागे घेतला. किरणोत्सर्ग वगैरे असेल असं वाटलं.

"घाबरू नका, स्थिर आहे. या इमारतीत स्थिर अशी ही एकच वस्तू आहे."

"मग हे घालायचं कशाला?"

"तुमच्याकडे लग्नात पाठराखीण पाठवतात का हो?"

पाठवतात म्हणजे काय, मी स्वतःच गेले होते. आठ वर्षांची होते. आत्या लग्न होऊन सासरी निघाली तेव्हा तिला सोबत म्हणून मला पाठवलं. चार दिवसांनी परत आले तर घरातल्या बायकांनी मला मध्ये बसवून विचारलं, काय काय वाढलं गं जेवायला? मी म्हटलं, मला तर बाप्पा अर्धीच पोळी वाढत होते. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. आत्याला काय वाढलं हे मग कोणी विचारलंच नाही.

हे ऐकून सर खुर्चीतून उठले. इतका खूश झालेला माणूस मी लॅबमध्ये त्याआधी आणि त्यानंतर पाहिला नाही. "झालं तुमचं ट्रेनिंग," ते म्हणाले. "आता फक्त पिपेट धरायला शिका."

आणि खरंच त्यात सगळं आलं होतं. रक्तातल्या पेशी फोडायच्या, प्रथिनं खाली बसवायची, औषध द्रावकात ओढून घ्यायचं, वाळवायचं, पुन्हा विरघळवायचं, मग यंत्रात सोडायचं. प्रत्येक पायरीवर थोडं औषध हरवतं. किती, ते सांगता येत नाही. म्हणून सगळ्यात आधी, रक्त नळीत पडल्या पडल्या, हे जड औषध मोजून घालायचं. रसायनांना दोघींतला फरक कळत नाही. हिचे जे हाल तेच तिचे. यंत्राला मात्र तेवढं वजन कळतं, त्यामुळे ते दोघींना वेगळं मोजतं. पाठराखीण अर्धी उरली असेल तर औषधही अर्धंच उरलेलं आहे, हे न विचारता समजतं. 'इंटर्नल स्टँडर्ड', म्हणजे आयएस, हा शब्द सर फक्त बाहेरून तपासणीला लोक आले की वापरत. एरवी दिवसभर एकच प्रश्न: "पाठराखीण घातली का?"

एकदा विक्रेत्याने वेगळी बाटली पाठवली. तिच्यात कार्बनऐवजी हायड्रोजनचे अणू जड होते आणि ती यंत्रातून खऱ्या औषधाच्या अगदी किंचित आधी बाहेर पडायची. सरांनी ती परत केली आणि फॉर्मवर कारण लिहिलं: 'नवरीच्या पुढे चालते.' विक्रेत्याचा मुंबईहून फोन आला. सर त्याला शांतपणे म्हणाले, "अहो, बरोबर चालायला पाठवतात तिला. वरात बघायला नव्हे."

घरीही तीच तऱ्हा. मुलीच्या लग्नाच्या पत्रिका पोस्टात टाकताना त्यांनी एक स्वतःच्याच पत्त्यावर टाकली. ती सहाव्या दिवशी आली, एका कोपऱ्यात भिजलेली. त्यावरून बाकीच्याही पोचल्या आणि भिजून पोचल्या असं ठरवून सरांनी तासभर नातेवाइकांना फोन केले, मुहूर्ताची वेळ वाचता येते ना, म्हणून. इस्त्रीच्या कपड्यांत ते एक जुना रुमाल टाकायचे. रुमालावर डाग दिसला की शर्ट न बघताच भांडायला निघायचे. शर्टाच्या बाबतीत तर विचारूच नका. लक्ष्मी रस्त्यावरचा एक शिंपी ठरलेला होता, आणि कॉलरची दोन टोकं तंतोतंत सारखी नसतील तर त्या शिंप्याची धडगत नसे. नवा शर्ट घालून आले की आधी काचेच्या कपाटात कॉलर बघायचे, मग आमच्याकडे.

कामाच्या वहीत त्यांनी स्वतः आखलेला एक जादा रकाना होता. पाठराखीण घातली की त्या नळीपुढे 'पा' लिहायचं आणि वेळ टाकायची. प्रत्येक नळीला वेगळा 'पा'. खाली 'वरीलप्रमाणे' म्हणून दोन टिंबं ओढलेली चालायची नाहीत. "दोन टिंबं म्हणजे काम हातांनी केलं, डोळ्यांनी नाही," ते म्हणायचे. आणि यंत्रातून निकाल आले की औषधाच्या आकड्याकडे न बघता आधी पाठराखिणीचा आलेख बघायचे, एकेक, तीसच्या तीस. "आधी हिचा चेहरा बघायचा. हिला विचारल्याशिवाय नवरीबद्दल काही बोलायचं नाही."

आता ती गोष्ट.

त्या दिवशी सकाळी यंत्र बंद पडलं आणि दुपारी एकला सुरू झालं. रिपोर्ट खोळंबले होते, हॉस्पिटलांचे फोन चालू होते. संध्याकाळी सहाला माझी स्वारगेटहून यवतमाळची बस होती, दुसऱ्या दिवशी धाकट्या बहिणीचा साखरपुडा. सर दाढ काढायला गेले होते. मी तीस नळ्या लावल्या, पिपेटला लावायच्या तीस टिपा मोजून ठेवल्या, कारण प्रत्येक नळीला नवी टिप घ्यायची, आणि पाठराखीण घालायला लागले. मध्येच बहिणीचा फोन आला, साडीचा रंग विचारायला. मी तो घेतला. लॅबमध्ये फोन घ्यायचा नाही, हे मी दुसऱ्यांना सांगत असे.

दोन तासांनी नळ्या वाळत ठेवल्या आणि टेबल आवरताना पाहिलं, तर डब्यात एक टिप उरली होती.

फोन आला तेव्हा मी अठरावी नळी करून पिपेट खाली ठेवलं होतं. परत आल्यावर विसाव्यापासून सुरुवात केली. म्हणजे एकोणीस राहिली. माझी खात्री होती. रक्त शिल्लक होतं, ती एक नळी टाकून पुन्हा करता आली असती. पण तिच्यापायी अडीच तास गेले असते आणि बस चुकली असती. मी वाळलेल्या एकोणीस नंबरच्या नळीत पाठराखीण घातली, तेवढीच, मोजून. मनाला म्हटलं, घातली तर आहे, थोडी उशिरा. जणू मला आत्याची पोळी कधी माहीतच नव्हती. आणि वहीत तीसच्या तीस 'पा' लिहिले, एकेक, सुबक, वेळेसकट. दोन टिंबं एकदाही दिली नाहीत.

निकाल आले. पडद्यावर एकोणीसच्या पाठराखिणीचा आलेख बाकीच्यांच्या जवळजवळ दुप्पट उंच होता. तिचं काहीच हरवलं नव्हतं, कारण ती कुठे गेलीच नव्हती. तिच्याशेजारी खरं औषध बिचारं अर्धं दिसत होतं. मी पुढचा आलेख उघडला.

साडेचारला सर आले. गाल सुजलेला, तोंडात कापूस. ज्या माणसाच्या जिभेला आम्ही सगळे टरकून असायचो, त्याला त्या दिवशी बोलताच येत नव्हतं, आणि याचं आम्हाला फार हसू येत होतं. मी सह्यांसाठी कागद पुढे केले. त्यांनी पहिला आलेख उचलला, गाल दाबला, डोळे मिटून घेतले. मग खिशातून चिठ्ठी काढून तिच्यावर लिहिलं: 'सगळे चेहरे पाहिलेत?'

"पाहिले सर," मी म्हटलं.

पाहिले तर होतेच. सरांनी सह्या केल्या. सहाची बस मला मिळाली. साखरपुडा छान झाला.

एकोणीस नंबर म्हणजे विश्रांतवाडीचे एक टेलरमास्तर होते. त्यांना त्यांच्या थोरल्या बहिणीने किडनी दिली होती. आमच्या आकड्यावरून डॉक्टरांना वाटलं की औषध कमी पडतं आहे, त्यांनी गोळ्या वाढवल्या. आठ-दहा दिवसांत मास्तरांचे हात थरथरायला लागले. आधी सुईत दोरा जाईना, मग चहाचा कप धरवेना. मग लघवी कमी झाली आणि त्यांना ॲडमिट केलं. हॉस्पिटलचा फोन आला तेव्हा सरांनी फ्रीझरमध्ये राखून ठेवलेलं त्यांचं जुनं रक्त काढलं आणि स्वतःच्या हाताने तीनदा तपासलं. तिन्ही वेळा आकडा आम्ही दिलेल्याच्या जवळजवळ दुप्पट आला. मग ते जुने आलेख घेऊन बसले. मी समोरच्या टेबलावर होते. एकोणीसचं पान त्यांच्या हातात बराच वेळ होतं. मान वर करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, याचं मला तेव्हा बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी डायरेक्टर मॅडमनी बोलावलं. खोलीत त्या, हॉस्पिटलचे डॉक्टर, सर आणि मी.

"हे झालं कसं?" मॅडमनी विचारलं.

सरांनी आलेख टेबलावर ठेवला. "एकोणीसच्या पाठराखिणीला अख्खी पोळी मिळालेली आहे," ते म्हणाले.

डॉक्टर गोंधळून बघत राहिले. मॅडम म्हणाल्या, "सर, प्लीज, आज तरी नको." त्या खोलीत या वाक्याचा अर्थ कळणारी मी एकटीच होते. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मला आजही वाटतं, एवढा वेळ त्यांनी मला दिला होता. 'सर, ते मी केलं,' एवढंच म्हणायचं होतं, पण मी समोरच्या पेपरवेटमधलं फूल बघत बसले.

"सही माझी आहे," सर शेवटी म्हणाले. "न बघता केली."

ते खोटं नव्हतं, म्हणूनच ते मला इतकं सोयीचं पडलं. हॉस्पिटलला कोणाचं तरी नाव हवं होतं, ते मिळालं. महिनाभरात सर गेले. राजीनामा दिला असं म्हणायचं. बाहेर मात्र लोक म्हणत, त्या अमुक सरांचं आता वय झालं होतं, एका पेशंटची किडनी जाता जाता वाचली. चाळीसेक वर्षांत ज्यांचा एक आकडा कोणी खोडला नव्हता, त्यांच्याबद्दल हे मी कानांनी ऐकलं आणि मान हलवली.

निरोपाच्या दिवशी शाल आणि नारळ दिला. भाषण कोणी करायचं तर यवतमाळने, कारण यवतमाळ सरांची लाडकी. मी केलं. सरांनी आम्हाला खरेपणा शिकवला, असं मी माईकवरून म्हणाले. टाळ्या पडल्या. उत्तरादाखल सर उठले आणि म्हणाले, "यवतमाळ छान बोलल्या. पाठ केलेलं होतं, पण छान होतं." सगळे हसले. मीही हसले, हे सांगायलाच हवं.

त्यांच्या खुर्चीत आता मी बसते. नव्या मुलांना मी पाठराखीण समजावून सांगते, अर्ध्या पोळीसकट, आणि मुलं खूश होतात. परवा लातूरची एक मुलगी, कामाला लागून दोन आठवडे झालेली, माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "मॅडम, सॉरी, सात नंबरला आयएस टाकायचं राहिलं. सॅम्पल रिपीट करते, रिपोर्टला लेट होईल." एवढं सांगून ती गेलीसुद्धा. मिनिटभराचं काम. मी काचेच्या कपाटाकडे बघत बसले आणि त्या पोरीचा मला असा हेवा वाटला की रडू येईल की काय असं झालं.

त्या रविवारी मी सदाशिव पेठेत गेले. नोकरीच्या सुरुवातीला मी तिथेच कॉट बेसिसवर राहायचे, सरांचं घर तिथून चार मिनिटांवर. इतक्या वर्षांत मी ती गल्ली टाळून जात होते. दार सरांनीच उघडलं. म्हातारे झाले होते. "या, यवतमाळ," म्हणाले, कालच भेटल्यासारखे. अंगात चौकडीचा नवा शर्ट होता आणि त्याच्या कॉलरचं उजवं टोक डाव्यापेक्षा चांगलं बोटाच्या पेराएवढं खाली होतं. मी बघतच राहिले.

सरांच्या बायकोने, काकूंनी, चहा आणेपर्यंत मी सगळं सांगून टाकलं. फोन, टिप, बस, साखरपुडा. सर ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "साडीचा रंग कोणता ठरला शेवटी?"

"सर, तुम्हाला ठाऊक होतं."

"आलेख वाचता येतो मला. अजून येतो."

"मग तुम्ही का नाही बोललात?"

"मी काय बोलणार? मी तुमच्याबरोबर होतो का? मी दाढ काढायला गेलो होतो." त्यांनी बशीतला चहा संपवला. "टेलरमास्तरांना सांगितलंत?"

मी मानेनेच नाही म्हटलं.

"मग इथे कशाला आलात? माझे हात थरथरत होते का?" असं म्हणून त्यांनी चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं आणि माझ्या हातात दिलं. दुकानाचा पत्ता होता. दाराशी आल्यावर काकू हळूच म्हणाल्या, "तेव्हापासून सगळे शर्ट तिथेच शिवतात हो. एवढ्या लांब दोन बस बदलून जातात. एकही कॉलर धड नसते, पण ऐकतील तर शप्पथ."

विश्रांतवाडीचं दुकान आळंदी रस्त्यापासून आत, एका गिरणीशेजारी. एक मशीन, एक टेबल, भिंतीला हँगरवर अर्धे शिवलेले कपडे. मास्तर साठीचे, पांढरी टोपी, कान मशीनच्या आवाजाला सरावलेले. कापडावर खडूने रेघ ओढताना ते डाव्या हाताने उजवं मनगट धरत होते.

"बोला ताई. ब्लाऊज?"

"हो," मी म्हणाले. मी काहीच ठरवून आले नव्हते, तोंडातून हो निघालं. पिशवीत कापडही नव्हतं. मास्तरांनी मापाची वही ओढली.

"कापड नंतर आणा. आधी नाव सांगा."

मला वाटलं, माप द्यावं आणि निघून जावं. पुन्हा कधीतरी येऊ. माझं नाव अगदी साधं आहे, तीन अक्षरांचं, ते माझ्या तोंडात आलंही होतं.

"यवतमाळ," मी म्हणाले.

पेन्सिल थांबली. मास्तरांनी चष्मा कपाळावर सारला आणि मला नीट पाहिलं.

"अच्छा. तुम्ही का," ते म्हणाले. "सदाशिव पेठवाले सर पहिल्या शर्टाला आले तेव्हाच बोलून गेले होते. एक दिवस यवतमाळ येईल, तिला काही सांगायचं आहे. ती येईपर्यंत चूक माझ्याच नावावर राहू द्या म्हणाले." त्यांनी मापाची वही मिटली, मशीनखालून स्टूल ओढून माझ्यापुढे ठेवलं. "दर शर्टाला मी विचारतो, सर, आली का? तर म्हणतात, येईल हो, जरा हळू चालते."

मी स्टुलावर बसले. मास्तरांनी हात मांडीवर ठेवले होते, तरी उजव्या हाताची बोटं हलत होती. त्या बोटांकडे बघत मी सुरुवात केली.

"तीस नळ्या होत्या," मी म्हणाले.